पूर कुणाच्या दारात : महापालिकांचे हवामान धोरण आणि राजकीय मांडणी

प्रश्न थोडक्यात असा आहे : महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायती हवामान बदलाबाबत जी धोरणे आखतात, ती शास्त्रीय अहवालांवरून ठरतात की राजकारणात त्या विषयाची जी मांडणी होते तिच्यावरून, आणि मांडणीच निर्णायक ठरत असेल, तर अहवालांना अर्थ काय उरतो? पश्चिम महाराष्ट्रात नगररचना आणि पूर व्यवस्थापनाच्या कामात माझी दोन दशकांहून अधिक वर्षे गेली आहेत. त्यामुळे हे उत्तर मी मुख्यतः कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातल्या अनुभवावरून देत आहे.

माझे मत असे आहे की, प्रश्न सोडवण्याची जबाबदारी कुणाच्या दारात पडणार, याचा निकाल राजकीय मांडणी सर्वांत आधी लावून टाकते. ती महापालिकेच्या दारात पडली तर काम होते, निदान त्याचा हिशेब तरी मागता येतो. ती बंगळुरूच्या म्हणजे कर्नाटक सरकारच्या, मंत्रालयाच्या किंवा आभाळाच्या दारात नेऊन ठेवली, तर अहवाल कितीही उत्तम असला तरी त्यातल्या शिफारशी कुणाच्याच कामाच्या यादीत येत नाहीत.

कोल्हापूर आणि सांगलीचे उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांची पातळी ओलांडली. तिथली इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोका पातळी ४५ फूट असताना कृष्णा ५७ फुटांवर गेली. २००५ मध्ये महापूर आला होता, २०२१ मध्ये पुन्हा आला. म्हणजे सोळा वर्षांत तीन वेळा याच गल्ल्या, याच बाजारपेठा आणि हाच पुणे-बंगळुरू महामार्ग कमी-अधिक प्रमाणात पाण्याखाली गेला. एवढ्या वारंवार घडणाऱ्या घटनेचे कारण काय, यावर सार्वजनिक चर्चेत तीन मांडण्या प्रबळ आहेत, आणि तिन्ही मांडण्यांत महापालिका कुठेच नाही.

पहिली मांडणी अलमट्टीची. कर्नाटकातील या धरणाच्या फुगवट्यामुळे, म्हणजे धरणामागे नदीत साचत येणाऱ्या पाण्यामुळे, सांगली-कोल्हापुरात पाणी तुंबते, हे २००५ पासून प्रत्येक सभेत सांगितले गेले आहे. हा प्रश्न खोटा आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. धरणाची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याचा प्रस्ताव आहे, कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० च्या निर्णयात त्याला मान्यता दिलेली आहे, आणि वरच्या राज्याने त्यावर काटेकोर अभ्यासाची मागणी करणे रास्तच आहे. पावसाळ्यात दोन्ही राज्यांनी विसर्गाची माहिती तासातासाला एकमेकांना द्यावी, ही मागणीही योग्यच आहे. परंतु २०१९ च्या पुरानंतर राज्य शासनाने नेमलेल्या, जलसंपदा विभागाचे निवृत्त प्रधान सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्या पुराचे खापर अलमट्टीवर फोडले नाही. कमी दिवसांत कोसळलेला असाधारण पाऊस, नदीपात्रातील अडथळे आणि पूरक्षेत्रातील बांधकामे व अतिक्रमणे यांवर समितीने बोट ठेवले. समितीच्या या निष्कर्षाला आव्हान देणारे जाणकार खोऱ्यात आहेत, आणि तो वाद तांत्रिक पातळीवर चालू राहायलाही हवा. माझा मुद्दा वेगळा आहे. अहवालातील अलमट्टीविषयीच्या परिच्छेदावर जितकी चर्चा झाली, तिच्या शतांशानेही पूरक्षेत्रातील बांधकामांविषयीच्या परिच्छेदांवर झाली नाही. अलमट्टीविरुद्ध बोलण्यात शहरातील एकही मतदार दुखावला जात नाही. पूररेषेतील बांधकामाविषयी बोलायचे तर समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक अस्वस्थ होतात, कारण कुणाचा तिथे प्लॉट असतो, कुणाचे दुकान असते, तर कुणी तिथल्या सदनिकेचे हप्ते भरत असते.

पूररेषेचे काम प्रत्यक्ष कसे चालते, हे येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण राजकीय मांडणी आणि नियम यांची गाठ नेमकी इथेच पडते. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा ती निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा भाग निषिद्ध क्षेत्र असतो, आणि निळ्या व लाल रेषेमधला भाग नियंत्रित क्षेत्र. रेषा आखतो जलसंपदा विभाग. ती विकास आराखड्यावर उतरवून बांधकाम परवान्यात पाळायची ती नियोजन प्राधिकरणाने, म्हणजे महापालिकेने. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार नियंत्रित क्षेत्रात बांधकाम करता येते. अट अशी की जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच हवी. कागदावर ही अट समंजस दिसते. प्रत्यक्षात ती पाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे मुरमाचा भराव टाकून अख्खा प्लॉट उचलणे.

एक एकर जागेवर सरासरी २ मीटर भराव टाकला, तर सुमारे ८,००० घनमीटर, म्हणजे ८० लाख लिटर पाणी मावण्याची जागा संपते. हे पाणी नाहीसे होत नाही. ते शेजारच्या सखल वस्तीत शिरते. भरावावर उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीचा परवाना नियमानुसारच असतो, तिच्या तळमजल्याला पाणी लागत नाही, आणि तिच्या मागच्या जुन्या गल्लीत मात्र जिथे पूर्वी गुडघाभर पाणी यायचे तिथे ते कमरेपर्यंत येऊ लागते. गल्लीतील माणसाला भरावाचा हिशेब कुणी सांगितलेला नसतो. त्याला अलमट्टी सांगितलेली असते. मला या साऱ्या प्रकारात सर्वांत जास्त खटकते ते हेच. ज्या माणसाचे नुकसान महापालिकेच्या कक्षेतील निर्णयाने वाढले, त्याचाच राग दोनशे किलोमीटर दूर वळवला जातो, आणि त्याला आपल्या प्रभागात मागता येण्याजोगा न्याय मागायचे सुचतही नाही.

पूररेषा काटेकोर करायची म्हटले की दुसऱ्या बाजूने जी मांडणी उभी राहते, तीही समजून घ्यायला हवी. ‘पूररेषा म्हणजे गोरगरिबांच्या घरावर टांगती तलवार’ हे वाक्य महासभेत हमखास ऐकू येते. त्यात तथ्य आहे. कोल्हापुरात पाणी वाढले की दसरा चौकाजवळच्या सुतारवाड्यातील कुटुंबे सर्वांत आधी चित्रदुर्ग मठात हलवावी लागतात. या कुटुंबांनी कुणाचे पाणी अडवलेले नाही, आणि रेषेचा जाच झालाच तर तो आधी त्यांनाच होईल. मात्र त्यांच्या नावाने मिळवलेल्या शिथिलतेचा लाभ घेतात ते नव्याने भराव टाकणारे. शिथिलता मागणारा ठराव आला की तो जुन्या घरांच्या दुरुस्तीसाठी आहे की नव्या बांधकामासाठी, हे दोन वेगळे विषय करून मतदानाला टाका, असा आग्रह मी नेहमी धरतो. विषय वेगळे केले की बहुतेक वेळा दुसऱ्या विषयाला सूचक, म्हणजे तो मांडणारा सदस्य, मिळणे कठीण होते.

दुसरी मांडणी अस्मानी संकटाची. पूर्वी तिला निसर्गाचा कोप म्हणत, आता तिला हवामान बदलाचे नाव मिळाले आहे, आणि हा नावातला बदल आमच्या क्षेत्रातील लोकांना विशेष अडचणीचा ठरला आहे. पाऊस बदलला आहे यात शंका नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, पश्चिम किनाऱ्याकडून ओडिशापर्यंत पसरलेल्या मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्या. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. परंतु हे आकडे ज्या क्षणी ‘एवढ्या पावसापुढे कोण काय करणार’ या वाक्याला जोडले जातात, त्या क्षणी विज्ञान जबाबदारी टाळण्याचे साधन बनते. पाऊस वाढणार असेल तर नाल्यांची रुंदी, पुलांच्या मोऱ्या, पंपिंगची क्षमता आणि पूररेषा या सगळ्यांचे गणित नव्या पावसाच्या आधाराने पुन्हा मांडणे हेच त्यावरचे धोरण होय. जुन्या नोंदींवर आखलेली शंभर वर्षांची रेषा सोळा वर्षांत तीन वेळा अपुरी वाटत असेल, तर ती नव्याने आखण्याची मागणी महापालिकेने स्वतः ठराव करून जलसंपदा विभागाकडे करायला हवी. अशा ठरावाऐवजी ‘रेषा चुकीची आहे, फेरसर्वेक्षण करा’ अशी मागणी जेव्हा होते, तेव्हा तिचा रोख बहुधा रेषा नदीकडे सरकवण्याकडे असतो.

तिसरी मांडणी भरपाईची. पूर ओसरला की पंचनामे, सानुग्रह अनुदान, व्यापाऱ्यांसाठी कर्जात सवलत, आणि किती लवकर किती रक्कम दिली याची चढाओढ. मदत वेळेवर पोहोचलीच पाहिजे. ज्याचे धान्य, पुस्तके आणि अंथरूण भिजले त्याला पुनर्वसनाचे धोरण ऐकवणे क्रूरपणाचे आहे. तथापि मदतीला श्रेय आहे, ती देणाऱ्याचे छायाचित्र येते, आणि न आलेल्या पुराचे छायाचित्र कुणालाच काढता येत नाही. १९८९ च्या महापुरानंतर करवीर तालुक्यातील प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या पूरग्रस्तांना सोनतळीला भूखंड देण्यात आले. तरीही जुनी गावठाणे रिकामी झाली नाहीत, कारण नदीकाठची शेती, म्हशींचे गोठे आणि भूखंडांच्या कागदपत्रांचे प्रश्न यांचा विचार पुनर्वसनासोबत पूर्णपणे झाला नाही. दर महापुराला लोक सोनतळीला जातात आणि पाणी उतरले की परत येतात. या लोकांना हट्टी ठरवणारे भाषण मी अनेकदा ऐकले आहे. त्यांच्या जागी मी असतो तरी दूध काढायला रोज इतक्या दुरून येणे मलाही परवडले नसते.

या तिन्ही मांडण्यांना बळ मिळण्याचे एक घटनात्मक कारणही आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगररचना, पाणीपुरवठा, नागरी वनीकरण आणि पर्यावरण संरक्षण हे विषय नागरी संस्थांसाठी नोंदवलेले आहेत. तरीही रेषा जलसंपदा विभागाची, नियमावली नगरविकास विभागाची, निधी राज्याचा आणि केंद्राचा, अशी वाटणी झाल्यावर नगरसेवकाच्या हाती प्रभागातील गटारे आणि पेव्हिंग ब्लॉक एवढेच उरते, असे त्याला वाटू लागते. त्यातच सभागृहे दीर्घकाळ नव्हती. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. २०२१ चा महापूर आला तेव्हा तिथे प्रशासक होते, आणि निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. एवढ्या काळात शहराच्या पुराविषयी जे काही राजकीय बोलणे झाले, ते मंत्री, आमदार आणि खासदार यांच्या पातळीवर झाले. साहजिकच ते आंतरराज्य वाद, मोठे बोगदे, पुराचे पाणी दुष्काळी भागाकडे वळवण्याच्या योजना अशा मोठ्या विषयांवर राहिले. गल्लीतील भरावाविषयी बोलणारे व्यासपीठच अस्तित्वात नव्हते.

मांडणी जबाबदारीला योग्य ठिकाणी आणू शकते, याचे उलट उदाहरण अहमदाबादचे आहे. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत त्या शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले, असा अभ्यासकांनी हिशेब मांडला. उन्हाने माणसे मरतातच, ही जुनी समजूत होती. ‘हे मृत्यू टाळता येण्यासारखे आहेत आणि ते टाळणे महापालिकेच्या आरोग्य खात्याचे काम आहे’ ही नवी मांडणी पुढे आली, आणि २०१३ मध्ये अहमदाबादने उष्णता कृती आराखडा लागू केला. पुढे नागपूरसह अनेक शहरांनी तो मार्ग धरला. लाट आभाळातूनच येते, पण इशारा देणे, दवाखाने सज्ज ठेवणे आणि पाणी पुरवणे या गोष्टी शहराच्या हातात आहेत, एवढे स्पष्ट झाल्यावर जबाबदार अधिकारी नेमता आला.

मुंबईकडून घ्यायचा धडा निराळा आहे. मार्च २०२२ मध्ये मुंबई हवामान कृती आराखडा जाहीर झाला आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठरले. त्याच महिन्यात नगरसेवकांची मुदत संपलेली होती, आणि जूनअखेर राज्यात सत्तांतर झाले. आराखडा एका राजकीय नेतृत्वाशी घट्ट जोडलेला होता, त्यामुळे तो गुंडाळला जाईल असे अनेकांना वाटले होते. तो टिकला, याचे श्रेय माझ्या मते अंदाजपत्रकाला आहे. महापालिकेने त्यासाठी स्वतंत्र विभाग उभारला आणि २०२४ मध्ये हवामान अर्थसंकल्पाचा अहवाल काढून भांडवली तरतुदीपैकी जवळपास ३२ टक्के रक्कम या सदराखाली दाखवली. यातील बराच भाग मलनिस्सारण आणि पर्जन्यजल वाहिन्यांसारख्या आधीपासून चालू असलेल्या कामांचा आहे, ही टीका योग्यच आहे. तरीसुद्धा लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात त्या खर्चाचे स्वतंत्र सदर, तयार झाले की दरवर्षी त्याखाली काय खर्च झाले हे विचारता येते, मग सत्तेत कोणीही असो.

ग्रामीण भागात याच्या नेमके उलट घडलेले जलयुक्त शिवारच्या बाबतीत दिसते. २०१४ अखेर सुरू झालेली ही मोहीम ‘टंचाईमुक्त महाराष्ट्र २०१९’ या घोषणेवर उभी होती. सत्ता बदलली, ९,६३३ कोटींहून अधिक खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात मोहिमेला फारसे यश न आल्याचा महालेखापरीक्षकांचा अहवाल २०२० मध्ये विधिमंडळात आला, चौकशी लागली; पुन्हा सत्ता बदलली, आणि २०२२ च्या डिसेंबरात दुसऱ्या टप्प्याचा निर्णय झाला. या ओढाताणीत योजना कुणाची हा प्रश्न गाजला, आणि गावाने किती पाणी वापरावे हा प्रश्न बाजूला राहिला. बंधाऱ्यांची संख्या आणि साठ्याचे टीसीएम (हजार घनमीटर) मोजले गेले, उपसा मोजला गेला नाही. हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला, सिंचनासाठी बोअर घेण्यावर आणि उसावर बंधन घातले. तिथे ते जमले, कारण टंचाईची जबाबदारी गावाने स्वतःकडे घेतली होती.

आता व्यवहाराचे. मांडणी प्रभावी असते म्हणून अहवाल निरुपयोगी ठरत नाहीत; अहवालातून महापालिकेच्या कक्षेतील शिफारशी निवडून त्या ठरावाच्या भाषेत उतरवणारे कुणी नसते, ही खरी उणीव आहे. वडनेरे समितीसारखा अहवाल हाती घ्यावा, त्यातील जे आयुक्तांच्या सहीने होऊ शकते ते वेगळे काढावे, आणि विषयपत्रिकेवर आणावे. नियंत्रित क्षेत्रातील प्रत्येक बांधकाम परवान्यात भरावाचे घनमीटर नोंदवणे आणि त्यांची प्रभागनिहाय बेरीज दरवर्षी मेअखेर प्रसिद्ध करणे, यासाठी कर्नाटकाची परवानगी लागत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पाणीपातळीच्या खुणा शासकीय इमारतींवर, शाळांच्या भिंतींवर कायमच्या रंगवून ठेवणे फारच स्वस्त आहे, आणि सदनिका घेणाऱ्या कुटुंबाला त्या खुणेइतकी स्पष्ट माहिती कोणतेही माहितीपत्रक देत नाही. जोत्याची अट भरावाऐवजी खांबांवर उभ्या केलेल्या, खाली पाणी वाहू देणाऱ्या रचनेने पूर्ण करावी, अशी सुधारणा शासनाकडे मागता येते.

अलमट्टीची लढाई यामुळे सोडून द्यावी लागत नाही. उलट, ज्या शहराकडे स्वतःच्या पूरक्षेत्रातील भरावाचा वर्षागणिक हिशेब आहे, त्याची बाजू लवादासमोर आणि न्यायालयात अधिक भक्कम ठरते. समोरचा पक्ष पहिला प्रश्न हाच विचारतो की तुमच्या बांधकामांचे काय. नव्या सभागृहांतील सदस्यांना माझे सांगणे एवढेच आहे की, स्थायी समितीत अंदाजपत्रक येईल तेव्हा पूरक्षेत्रातील भरावाचे सर्वेक्षण आणि नाल्यांच्या क्षमतेची नव्या पावसावर आधारित फेरतपासणी ही दोन लेखाशीर्षे त्यात आहेत का ते पाहावे, नसतील तर उपसूचना द्यावी, आणि ती फेटाळली गेली तर कोणत्या कारणास्तव, हे इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.